जुन्या औषधाची नवी परीक्षा : परळचा इतिहास

बाजारात आधीपासून असलेले औषध दुसऱ्याच रोगावर चालते का, हे पाहण्याची खटपट जुनी आहे. अलीकडे या जोड्या संगणक सुचवू लागला, एवढाच फरक. सुचवणारा वैद्य असो, डॉक्टर असो की संगणक, पुढची परीक्षा एकाच प्रश्नावर ठरते : औषध घेणाऱ्यांची तुलना कोणाशी केली? मुंबईत या प्रश्नाचा इतिहास परळच्या लहानशा टापूत घडला. हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय आणि टाटा मेमोरियल ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, ती प्लेगच्या लशीसाठी. चार दशकांनंतर तिथेच साहिबसिंग सोखी आणि भालचंद्र दीक्षित यांनी सल्फा गटातली औषधे प्लेगवर चालतात का, हे उंदरांवर तपासले आणि १९४० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ही औषधे तोवर न्यूमोनियासारख्या आजारांसाठी वापरली जात होती. प्रयोगशाळेत तुलना सोपी असते : तोच जंतू, त्याच जातीचे उंदीर, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नाही. माणसांच्या बाबतीत हे गणित इतके सरळ राहत नाही.

सर्पगंधेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. या झुडपाची मुळी उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंशावर पिढ्यान् पिढ्या दिली जात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे लिहिले. देशातले अनेक डॉक्टर ती देऊ लागले, पण बाहेरच्या जगाला त्याची खबर नव्हती. केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र बदलले. बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी त्यानंतर ही मुळी आपल्या रुग्णांवर वापरून पाहिली. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

वकिलांच्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या रक्तदाबाशी होती. त्या काळासाठी ही शिस्त मोठीच. पण वारंवार तपासणीला येणाऱ्या माणसाचा दाब काही प्रमाणात आपोआपही उतरतो, आणि दाब उतरला म्हणजे आयुष्य वाढले असेही नाही. या दुसऱ्या शंकेचे उत्तर यायला आणखी १८ वर्षे लागली. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी १४३ पुरुषांची चाचणी जाहीर केली. कोणाला खरे औषध आणि कोणाला खोटी गोळी मिळणार, हे जणू चिठ्ठी टाकून ठरवले होते. खोटी गोळी घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषध घेणाऱ्यांत दोघांना. हे खरे औषध म्हणजे एक मिश्रण होते आणि त्यातला एक घटक रेसर्पिन होता.

या कथेत एक गंमतही आहे. मुळीचा मूळचा उपयोग वेडावरचा, पण अमेरिकेत तो ‘नवा’ म्हणून पोहोचला. अहमदाबादच्या डॉ. हकीम यांच्या कामाची बातमी वर्तमानपत्रात वाचून न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर रेसर्पिन वापरले. दुसरीकडे रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काहींना नैराश्य येत असल्याचे दिसू लागले आणि मेंदूतल्या रसायनांचा नैराश्याशी काय संबंध, या विचाराला त्यातून चालना मिळाली.

संगणकाची पद्धत वेगळ्याच टोकाकडून निघते. रोगात पेशीतली काही जनुके जास्त काम करतात, काही मंदावतात. औषधही असाच ठसा उमटवते. २००६ मध्ये बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटने १६४ रसायनांचे ठसे खुले केले. स्टॅनफर्डचे अतुल बुट्टे आणि सहकाऱ्यांनी ते १०० रोगांच्या ठशांशी ताडून पाहिले. रोगाच्या बरोबर उलट ठसा ज्याचा, ते औषध त्या रोगाचे उमेदवार. २०११ मध्ये दोन नावे गाजली : आम्लपित्तावरचे सिमेटिडिन फुफ्फुसाच्या एका कर्करोगासाठी, आणि फिट्स व अर्धशिशीवरचे टोपिरामेट आतड्याच्या दाहासाठी. टोपिरामेटने उंदरांच्या आतड्याची सूज उतरली.

माणसांसाठी नवी चाचणी मांडण्याआधी एक स्वस्त मार्ग उपलब्ध होता. फिट्स किंवा अर्धशिशीसाठी टोपिरामेट घेणाऱ्यांत आतड्याचा दाह असलेले लोकही असणारच, आणि अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या दप्तरी त्यांची नोंद होती. गोळी घेणाऱ्यांची तुलना काहीच न घेणाऱ्यांशी केली असती तर उत्तर फसवे आले असते. डॉक्टरकडे नियमित जाणारा आणि न जाणारा हे मुळातच वेगळे रुग्ण. म्हणून त्याच आजारांसाठी दुसरी औषधे घेणारे तुलनेला धरले. दाह उफाळल्यावर लागणारी स्टिरॉइड्स, रुग्णालयात भरती, शस्त्रक्रिया, कशातच टोपिरामेटचा फायदा दिसला नाही. हा निष्कर्ष २०१४ मध्ये छापला गेला. पहिल्या बातमीइतकी वाच्यता त्याची झाली नाही.

फुफ्फुसाच्या वाढलेल्या रक्तदाबावरच्या सिल्डेनाफिलचेही तसेच. २०२१ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या गटाने संगणकाने सुचवलेले हे औषध ७२ लाखांहून अधिक विमाधारकांच्या नोंदींत शोधले आणि अल्झायमरचा धोका ६९ टक्क्यांनी कमी दिसल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने फुफ्फुसाच्या रक्तदाबासाठी सिल्डेनाफिलच्या वर्गातली औषधे घेणाऱ्यांची तुलना त्याच आजारासाठी वेगळे औषध घेणाऱ्यांशी केली. फरक उरला नाही.

कोविडच्या काळात या साऱ्याची घाई झाली. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने संगणकावर औषधे शोधण्याची हॅकेथॉन काढली, आणि पुण्यात मुख्यालय असलेली सरकारी संगणक संस्था सी-डॅक तिच्यात सहभागी होती. संगणकाच्या अंदाजांपैकी टिकले ते संधिवाताचे बॅरिसिटिनिब : फेब्रुवारी २०२० मध्ये सुचले आणि ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत आठ हजारांवर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १४ वरून १२ टक्क्यांवर आले. त्याच चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांत २७ टक्के आणि न घेणाऱ्यांत २५ टक्के रुग्ण दगावले होते. मार्च २०२० मध्ये भारतात आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी तेच सुचवले गेले होते.

परळच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचण्यांचा उगम मात्र संगणकात नव्हे, शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळचा आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन दिले तर काय होते, हे राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी एक हजार स्त्रियांत पाहिले. २०११ मध्ये आलेला एकूण निकाल नकारार्थी होता. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत मात्र फायदा दिसला. असा उपगटातला फायदा शंकेनेच पाहिला जातो.

मग पाळी आली लिग्नोकेनची. दात काढण्याआधी हिरडी बधिर करणारे हे औषध १९४८ पासून बाजारात आहे. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने कर्करोगाच्या पेशी पसरत असतील तर गाठीभोवतीच ते टोचून ठेवावे, अशी कल्पना. देशातल्या ११ केंद्रांत १,५८३ स्त्रियांपैकी साधारण निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी हे इंजेक्शन दिले गेले. २०२३ मध्ये निष्कर्ष आला : पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. तुलनेच्या गटाला साध्या सलाइनचेही इंजेक्शन दिले नव्हते. त्यामुळे फरक लिग्नोकेनचा की टोचलेल्या द्रवाचा, हा मुद्दा उरतो. लिग्नोकेनचे पेटंट कधीच संपले असल्याने अशा चाचणीवर खर्च करण्यात कोणत्याही कंपनीला फायदा नव्हता. ती पार पडली ती अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतल्या सार्वजनिक रुग्णालयाच्या पुढाकाराने.