रुमालाखालचा भाव

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याच्या शिवारात ऊस, केळी, पपई, कापूस पिकतो आणि त्यातला बराच माल दूरच्या बाजारासाठी असतो. त्यामुळे महाकाय किरकोळ विक्री कंपन्यांपुढे छोटा पुरवठादार आणि छोटा दुकानदार टिकेल का, हा आजचा प्रश्न या परिसराला नवा नाही. खानदेशचा अनुभव सांगतो की, बड्या खरेदीदाराची सत्ता नुसत्या आकारातून येत नाही. समोरच्याला दुसरं गिऱ्हाईक उरत नाही, तेव्हाच ती जाचक होते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (1861–65) काळात हिंदुस्थानी कापसाला तेजी आली आणि पुढच्या दशकांत रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या परदेशी पेढ्यांची खरेदी कापूस पिकवणाऱ्या मुलुखापर्यंत पोचली. गाडी घेऊन आलेला शेतकरी मात्र थेट पेढीशी बोलत नसे. मध्ये अडत्या आणि दलाल असत. भाव ठरे हत्ता पद्धतीनं. दोन हात रुमालाखाली जात, बोटं दाबून आकडा कळवला जाई आणि मालाचा धनी शेजारी उभा राहूनही त्याला तो समजत नसे. मग अडत, तोलाई, हमाली, वटाव, धर्मादाय अशी कपात होई. कापूस परत न्यायचा तर भाडं अंगावर, घरी सावकाराचा तगादा. म्हणून मिळेल तो भाव घ्यावा लागे. यावर तोड निघाली ती पेढ्यांना हुसकावून नव्हे, तर व्यवहार उघड्यावर आणून. 1927चा मुंबई कापूस बाजार कायदा आणि 1963चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा यांचा गाभा उघडा लिलाव, तपासलेलं वजन आणि ठरलेली कपात हाच होता.

यावर पहिला आक्षेप असा की, अडत्या आणि गावचा दुकानदारही नाडतच होता, मग मोठ्या कंपनीनं स्वस्त माल दिला तर बिघडलं कुठे? अडत्याबद्दलचं म्हणणं खरं आहे आणि गिऱ्हाइकाची बचतही खरी आहे. पण ती बचत कार्यक्षमतेतून आली की पुरवठादाराचे पैसे अडकवून, हे पाहिलंच पाहिजे. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असं 2006च्या कायद्याला सांगावं लागलं, कारण उधारीचा बोजा दुबळ्याच्या डोक्यावर ढकलणं सर्रास चाललं होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरकारनं किंवा सहकारानं खरेदी हाती घेतली तरी जाच संपत नाही. 1972पासूनच्या कापूस एकाधिकार योजनेत सरकारच एकमेव कायदेशीर गिऱ्हाईक झालं. चुकारे रखडले, बाहेर भाव चढला, की कापूस चोरवाटेनं गुजरात-मध्य प्रदेशात जाई. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि ऊसवाल्यांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. तरी अशा कारखान्यांसाठीही 14 दिवसांत पैसे देण्याची सक्ती 1966च्या ऊस नियंत्रण आदेशाला करावी लागली होतीच. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळच देतो. मक्तेदार कोणीही असो, पर्याय संपला की त्याची वागणूक सारखीच होते.

2016 साली महाराष्ट्रानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. शेतकऱ्याला दारं वाढली, हे चांगलंच झालं. पण तयार झालेली पपई झाडावर थांबत नाही, त्यामुळे शिवार खरेदीला आलेल्या व्यापाऱ्यानं उचल थांबवली की कागदावरचं स्वातंत्र्य निरुपयोगी ठरतं. उद्या हीच जागा एखादी बडी कंपनी घेईल, तेव्हा तिला गावबंदी करणं हा उपाय नव्हे. भाव लेखी आणि आधी जाहीर हवा, वजन दोघांच्या समोर व्हायला हवं, पैशाची मुदत मोडली तर व्याज हवं आणि माल उत्पादकांच्या गटानं एकत्र विकायला हवा. दुकानदारांनीही घाऊक खरेदी मिळून केली पाहिजे. मोठ्यांना रोखण्यापेक्षा छोट्यांना नकार देण्याची ऐपत देणं अवघड आहे, पण टिकाऊ तेवढंच आहे.