ब्रिटिश गिटारवादक आणि अहिल्यानगर जिल्हा

ब्रिटिश गिटारवादक आणि अहिल्यानगर जिल्हा : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा ब्रिटिश लोकप्रिय संगीताशी दोन प्रकारे संबंध येतो. एक जन्माचा : विनोदी लेखक व नट म्हणून गाजलेला स्पाइक मिलिगन नगरात जन्मला आणि तो उमेदवारीच्या काळात गिटार व ट्रंपेट वाजवून पोट भरत होता. दुसरा श्रद्धेचा : ‘द हू’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड हा अरणगावजवळच्या मेहेराबादेत समाधिस्थ असलेल्या मेहेरबाबांचा अनुयायी. बाबांच्या नावाने त्याने आणि त्याच्या मित्रांनी १९७० ते १९७६ या काळात तीन ध्वनिमुद्रिका काढल्या. त्या बाजारासाठी नव्हत्या, त्यामुळे आजही फारशा कोणाच्या ऐकण्यात नाहीत. यांतला दुसरा संबंध संगीताच्या दृष्टीने कितीतरी भरीव आहे.

मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ चा. वडील ब्रिटिश लष्कराच्या तोफखान्यात होते. बालपण पुणे आणि रंगून येथे गेले व पुढे कुटुंब लंडनला परतले. तिथे स्थानिक जाझ वाद्यवृंदांतून तो ट्रंपेट, गिटार, डबल बेस असे हाताला लागेल ते वाजवी आणि गातही असे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला. त्यानंतर सैनिकांच्या करमणुकीसाठी निघालेल्या ‘बिल हॉल ट्रिओ’त त्याने गिटार धरली. हॉल व्हायोलिनवर, जॉनी मल्ग्रू डबल बेसवर आणि मिलिगन गिटारवर असा तो संच होता. तिघेही चांगले वादक, पण रंगमंचावरचा सगळा भर थट्टामस्करीवर. ‘द गून शो’ (१९५१–६०) या रेडिओ कार्यक्रमातली ध्वनी आणि शब्दांची मोडतोड या संचाच्या नादातून आली असावी असे मानायला जागा आहे. पुढे मिलिगनची गिटार मागे पडली. तरी गिटारवाल्यांच्या एका दुर्मिळ मुद्रणामागे तो आहेच : वन्यजीव निधीसाठी एक ध्वनिमुद्रिका काढण्याची कल्पना त्याने लावून धरली आणि बीटल्सच्या ‘अक्रॉस द युनिव्हर्स’चे पहिले रूप डिसेंबर १९६९ मध्ये त्याच संकलनातून बाहेर आले. ‘लेट इट बी’मधले सर्वपरिचित रूप त्यानंतरचे आहे.

टाउनशेंडची (जन्म १९ मे १९४५) सुरुवातही अशीच आडबाजूची. शाळेत असताना ‘कॉन्फेडरेट्स’ या जाझ संचात तो बँजो वाजवत असे. जॉन एन्टविसल हा त्याचा शाळासोबतीही त्यात होता. पुढे दोघे रॉजर डाल्ट्रीच्या ‘डीटूर्स’मध्ये गेले. १९६४ मध्ये त्याचे ‘द हू’ झाले, पण पहिली तबकडी निघाली ती ‘हाय नंबर्स’ या तात्पुरत्या नावाने : एका बाजूला ‘झूट सूट’, दुसऱ्या बाजूला ‘आय ॲम द फेस’. दोन्ही गाणी व्यवस्थापक पीटर मीडन याने अमेरिकी चालींवर नवे शब्द बसवून जुळवली होती. टाउनशेंडची स्वतःची अशी एकही ओळ त्यात नाही. १९६९ मध्ये त्याने ‘थंडरक्लॅप न्यूमन’ हा संच उभा केला. त्यांचे ‘समथिंग इन द एअर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्यावरचा बेस गिटारवादक ‘बिजू ड्रेन्स’ म्हणजे टोपणनावाआडचा टाउनशेंडच. गिटार जिमी मॅकलक या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हाती दिलेली. तो पुढे पॉल मॅकार्टनीच्या ‘विंग्ज’मध्ये गेला.

मेहेरबाबा (२५ फेब्रुवारी १८९४–३१ जानेवारी १९६९) हे पुण्यात जन्मलेले इराणी पारशी, मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. साकोरीचे उपासनी महाराज त्यांचे गुरू. साकोरी आणि शिर्डी दोन्ही याच जिल्ह्यातली. नगर-दौंड रस्त्यावर अरणगावालगत १९२३ मध्ये मेहेराबाद वसले. १० जुलै १९२५ रोजी बाबांनी मौन धरले ते अखेरपर्यंत सोडले नाही. आधी ते अक्षरपाटीवर बोट ठेवून बोलत आणि १९५४ नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी. त्यांनी देह ठेवला तो शहराच्या दुसऱ्या अंगाच्या मेहेराझादला, समाधी मात्र मेहेराबादच्या टेकडीवर आहे. घुमटाच्या आतल्या भिंतींवर हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३०च्या दशकाच्या अखेरीस चित्रे रंगवली आहेत. टेकडी आणि तिच्या पायथ्याची वस्ती यांच्यामधून दौंड-मनमाड लोहमार्ग जातो. ३१ जानेवारीला अमरतिथीचा मेळा भरतो आणि दर महिन्याच्या १२ तारखेला धुनी पेटते.

लंडनचा चित्रकार माइक मॅकइनर्नी याने १९६७ मध्ये टाउनशेंडच्या हाती बाबांविषयीचे पुस्तक दिले. त्या सुमारास तरुण पिढी एलएसडीसारख्या मादक द्रव्यांच्या नादी लागली होती आणि बाबांनी या द्रव्यांविरुद्ध स्पष्ट बजावले होते. टाउनशेंडने ती सोडली. ‘टॉमी’ (१९६९) या संगीतनाट्याच्या मुद्रिकेचे मुखपृष्ठ मॅकइनर्नीचेच, आणि श्रेयनामावलीत बाबांचे नाव ‘अवतार’ म्हणून छापले आहे. पण ती बाहेर आली तोवर बाबा गेले होते. गुरुशिष्यांची भेट अशी कधी झालीच नाही. टाउनशेंड १९७२ मध्ये समाधीच्या दर्शनाला येऊन गेला. ज्या वाद्यवृंदाची नोंद १९७६ मध्ये गिनीजच्या पुस्तकात जगातला सर्वांत कर्कश म्हणून झाली, त्याच्या गिटारवादकाने साडेत्रेचाळीस वर्षे मौनात राहिलेल्या माणसाला गुरू मानावे, ही गोष्ट गमतीची खरी. संगीत ऐकल्यावर मात्र ती तितकीशी विसंगत वाटत नाही.

‘हॅपी बर्थडे’ (१९७०) ही पहिली मुद्रिका बाबांच्या जन्मदिनाच्या निमित्ताने मोजक्या प्रतींत, अनुयायांपुरती निघाली. तीत टाउनशेंडचे ‘द सीकर’ आहे, वादळापूर्वीचे म्हणता येईल इतके संथ. ‘द हू’ने त्याच वर्षी ते एकल तबकडीवर वाजवले ते अगदी वेगळ्या तडफेने. ‘डे ऑफ सायलेन्स’ हे शीर्षक १० जुलैच्या मौनदिनाचे, बाबांचे अनुयायी त्या दिवशी मौन पाळतात. ‘बिगिन द बेगीन’ हे कोल पोर्टरचे १९३५ चे नाचाचे गाणे इथे का, असा प्रश्न पडतो. ते बाबांना फार आवडे आणि समाधीच्या वेळी त्याची तबकडी लावली होती, हे त्याचे उत्तर. भक्तिगीत म्हटले की टाळ-मृदंग डोळ्यांपुढे येणाऱ्या मराठी श्रोत्याला ही निवड सुरुवातीला खटकेल. टाउनशेंड मात्र ते कसलाही आव न आणता, घरच्या मुद्रणयंत्रावर, एकट्याने गातो.

याच मुद्रिकेवर ‘स्मॉल फेसेस’ आणि ‘फेसेस’चा बेस गिटारवादक रॉनी लेन (१ एप्रिल १९४६–४ जून १९९७) याचे ‘इव्होल्यूशन’ आहे. दगड, धातू, वनस्पती, प्राणी असा जिवाचा प्रवास हा बाबांच्या ग्रंथांतला अवघड विषय. लेनने त्याचे गावरान, खट्याळ गाणे केले. ‘फेसेस’च्या १९७० च्या पहिल्या मुद्रिकेवर तेच ‘स्टोन’ या नावाने आले. या सगळ्या मंडळींत तत्त्वज्ञान इतक्या हलक्या हाताने उतरवणे लेनलाच जमले. टाउनशेंड याच विषयांवर अनेकदा जड होतो.

‘आय ॲम’ (१९७२) मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी आहेत. पहिली ‘बाबा ओ’रायली’चा डेमो (कच्चे मुद्रण). बाबा म्हणजे मेहेरबाबा आणि रायली म्हणजे अमेरिकी संगीतकार टेरी रायली. ‘द हू’च्या ‘हूज नेक्स्ट’ (१९७१) मधले पाच मिनिटांचे गाणे जगभर वाजते. इथले रूप पावणेदहा मिनिटांचे आणि शब्दांविना आहे. सुरुवातीचा तो बुडबुड्यांसारखा उसळणारा आवाज सिंथेसायझरचा असल्याचे सर्रास सांगितले जाते, प्रत्यक्षात तो लौरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा आहे. या ऑर्गनला मरिंबा या तालवाद्याच्या नावाची एक खिटी असते. ती लावून बोटे पट्ट्यांवर नुसती दाबून ठेवली, की यंत्र आपणच ते स्वर भराभर पुन्हा पुन्हा ठोकते आणि बोट बदलले की नक्षी बदलते. प्रसिद्ध गाण्यात हा सडा दीड मिनिटातच पियानो, ढोल आणि आवाजाखाली जातो व गिटार बऱ्याच उशिरा येते. डेमोत नक्षी शेवटपर्यंत पुढे राहते आणि नामजपासारखी चढत जाते. ज्याला या गाण्यातला ‘बाबा’ ऐकायचा आहे त्याने डेमोच ऐकावा.

दुसरी गोष्ट ‘परवरदिगार’. बाबांनी १९५३ मध्ये देहरादून येथे ही प्रार्थना अक्षरपाटीवरून सांगितली. ईश्वराची नावे आणि गुण एकामागून एक सांगत जाणारी तिची रचना स्तोत्रासारखी आहे. टाउनशेंडने चालीत बसावे म्हणून शब्दांत थोडाफार फेरफार केला. गिटारची साधी धून, मग ऑर्गन, मग ढोल असे थर चढत जातात. सभेत म्हटली जाणारी प्रार्थना एकट्या माणसाने सगळी वाद्ये स्वतः वाजवून गायलेली आहे, हे त्यातले वेगळेपण.

‘हॅपी बर्थडे’ आणि ‘आय ॲम’ या दोन्ही मुद्रिका अमेरिकेत चोरट्या प्रतींच्या रूपाने जास्त दराने विकल्या जाऊ लागल्या. तेव्हा ध्वनिमुद्रिका कंपनीच्या आग्रहाने टाउनशेंडने त्यांतली निवडक गाणी आणि काही नवी मुद्रणे एकत्र करून ‘हू केम फर्स्ट’ (१९७२) ही पहिली अधिकृत एकल मुद्रिका काढली. मुखपृष्ठावर तो अंड्यांवर उभा आहे, आधी कोंबडी की आधी अंडे या धर्तीवर. बाबांना जिम रीव्ह्जचे ‘देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी’ आवडे, म्हणून तेही घेतले. ‘फॉरेव्हर्स नो टाइम ॲट ऑल’ हे बिली निकोल्सने गायले आणि त्यात गिटार केलेब क्वे याची आहे. आपल्या पहिल्या एकल मुद्रिकेवर दुसऱ्याचा आवाज आणि दुसऱ्याची गिटार ठेवणारा गिटारवादक विरळाच. ‘इव्होल्यूशन’ही लेनच्याच आवाजात राहिले.

तिसरी ‘विथ लव्ह’ (१९७६) पहिल्या दोहोंइतकी कसदार नाही. तीत निकोल्सचे ‘विदाउट युवर लव्ह’ हे गाणे आहे. डाल्ट्रीने १९८० मध्ये ते गायले तेव्हा ते लोकांपर्यंत पोचले. त्याच १९७६ मध्ये टाउनशेंडने लंडनजवळ ट्विकनहॅम येथे नदीकाठी ‘मेहेरबाबा ओशियॅनिक’ हे केंद्र उघडले. मुद्रणाची सोय असलेले हे केंद्र काही वर्षांतच बंद पडले. टाउनशेंड-लेन यांची ‘रफ मिक्स’ (१९७७) ही उघडपणे बाबांची मुद्रिका नाही, पण दोघांच्या मैत्रीचा गाभा तोच होता. तीत एरिक क्लॅप्टन आणि ‘रोलिंग स्टोन्स’चा ढोलवादक चार्ली वॉट्स पाहुणे म्हणून वाजवतात. ‘एप्रिल फूल’ या लेनच्या गाण्यात क्लॅप्टनच्या हाती डोब्रो हा गिटारचा प्रकार आहे (लेनचा वाढदिवस १ एप्रिलचा). ‘स्ट्रीट इन द सिटी’ची वाद्यवृंदरचना टाउनशेंडचे सासरे एडविन ॲस्ली यांची. पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे लेनचे वाजवणे हळूहळू थांबले.

अनुयायांपुरत्या निघालेल्या मुद्रिकांतला बराच ऐवज २००० नंतर सीडीवर आला. ‘हू केम फर्स्ट’ची वाढीव आवृत्ती २००६ मध्ये आणि दोन सीडींची आवृत्ती २०१८ मध्ये निघाली. मूळ तबकड्या संग्राहकांकडे आहेत.