बहिणाबाईंचे वासरू

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी करू नये. गुरुवारच्या वाचनात आपण संत बहिणाबाईंचे आत्मचरित्र वाचले. त्यातले जे मनात घर करून राहिले तेवढेच लिहिते. (जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी निराळ्या. या त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या.)

बहिणाबाईंचा जन्म १६२८ सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. वडील गावचे कुलकर्णी. खेळण्याच्या वयातच तीस वर्षांच्या बिजवराशी, गंगाधरपंत पाठकांशी, त्यांचे लग्न लागले. पुढे भाऊबंदकी आणि कर्ज यांपायी आईबाप, जावई व ही पोर अशा सर्वांना गाव सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे करीत मंडळी कोल्हापुरास आली. वाटेत भिक्षा मागितली. कुलकर्ण्याच्या लेकीवर ही वेळ!

कोल्हापुरात पंतांना एक कपिला गाय दान मिळाली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा भारी लळा. त्या पाण्याला निघाल्या की ते मागे, जयरामस्वामींच्या कीर्तनाला निघाल्या की तेथेही मागे. स्वामींनी त्या मुलीचे आणि वासराचे कौतुक केले, ते गावभर झाले, आणि पंतांच्या कानी गेले. त्यांनी तिला वेणी धरून मारले व बांधून ठेवले. वय वर्षे अकरा! गाय-वासराने चारापाणी टाकले आणि वासरू गेले. मुलगी बेशुद्ध पडून राहिली. त्या अवस्थेत तिला तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. तुकोबांना तिने कधी पाहिलेले नव्हते.

पुष्कळजण ही गोष्ट सांगताना त्यांच्या सोसण्याचीच वाखाणणी करतात. मला ते पटत नाही. मार तो मारच. स्वतः बहिणाबाईंनी पतिव्रतेचे अभंग रचले आहेत हे खरे, परंतु बाईच्या जन्माला परमार्थ कसा साधावा, हा त्यांचा आक्रोशही त्याच पोथीत आहे. तो कोणी मोठ्याने वाचत नाही.

मला स्वप्नापेक्षा ते वासरू अधिक आठवते. त्याचे कारण सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या घरचे किराणा दुकान बसले. उधारी बुडाली. हिशेब मी ठेवीत असे, त्यामुळे चूक निम्मी माझीच. मी देवघरात महिनाभर दिवा लावला नाही. देवाला आमची आठवण नाही, मग आम्ही का ठेवावी, असे मनात. त्या महिन्यात आमच्या दूधवाल्या मावशी रोज पैसे न मागता भांड्यात दूध ओतून जात. मी त्यांना साधे 'बसा' म्हटले नाही. गुरुवारी वासराने चारा टाकल्याचे वाचताना एकाएकी त्या मावशी डोळ्यांपुढे आल्या आणि मला पुढचे ऐकू येईना. शेजारी बसलेल्या वहिनींनी पाणी आणून दिले, त्यांना वाटले चक्कर आली.

बहिणाबाईंचा त्रास काही स्वप्नाने संपला नाही. नवरा त्यांना टाकून निघाला होता, त्या तेव्हा गरोदर. तोच तो तापाने आडवा झाला आणि महिनाभर यांनीच त्याची शुश्रूषा केली. मग त्याचे मन पालटले व सगळे देहूला आले. तेथे मंबाजीने छळले, अगदी गाईलाही मारले. तुकोबांच्या कीर्तनाला बसता आले एवढे मात्र झाले. पुढे त्यांना मुलगी झाली, मुलगा झाला. संसार हातचा सुटला नाही आणि अभंगही सुटले नाहीत. १७०० साली, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

त्यांची समाधी वैजापूर तालुक्यात शिऊर येथे आहे. यंदाची सहल तिकडे न्यावी अशी सूचना मी कार्यकारिणीला दिली आहे. वाटेत वेरूळही होईल. दूधवाल्या मावशींनाही विचारले आहे. सकाळचे रतीब घालून झाल्यावर गाडी निघणार असेल तर येते, म्हणाल्या.