पाय डोक्यापेक्षा वेगळे जन्मतात का? रेमाकचा शोध आणि पुरुषसूक्ताचा देह

"समाज हे एक शरीर आहे. डोके डोक्याचे काम करते, पाय पायांचे. यात उच्च-नीच कुठे आले?" जातीच्या समर्थनाचे हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. याचे मूळ ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात आहे. तिथे मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र. अतिशूद्रांना तर त्या देहात जागाच नाही. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात या सूक्ताची सुरुवातीलाच चिकित्सा केली आहे. आज आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. ज्या शरीराचा दाखला दिला जातो, ते शरीर स्वतः काय सांगते?

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात बारीक कोठड्या पाहिल्या आणि त्यांना 'सेल' म्हटले. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी मांडले की वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचे बनलेले आहेत. पण नवी पेशी येते कुठून? श्वानचे उत्तर होते: आकारहीन द्रवातून, पाकात खडीसाखर धरावी तशी.

हे उत्तर खोडले रॉबर्ट रेमाकने. पोझेन येथे १८१५ मध्ये जन्मलेला हा ज्यू संशोधक बर्लिनमध्ये काम करत होता. कोंबडीच्या गर्भातील रक्तपेशी दुभंगताना त्याने पाहिल्या. १८५२ मध्ये त्याने ठामपणे लिहिले की पेशी पेशीच्या विभाजनातूनच जन्मते. गर्भाचे तीन थर आणि त्यांतून कोणते अवयव घडतात, हेही त्याने दाखवले. मेंदू आणि त्वचेचे बाह्य आवरण एकाच बाहेरच्या थरातून तयार होतात. म्हणजे डोक्यातला मेंदू आणि तळपायाची वरची कातडी ही एकाच घरची भावंडे! आणि सगळ्या शरीराचा उगम एका फलित पेशीत. मुखाचा जन्म वेगळा आणि पायांचा वेगळा, असे शरीरात काही नाही.

कोणी म्हणेल, कातडीची पेशी पुढे कातडीच्याच पेशी देते, मग? म्हणूनच आम्ही समता पेशीतून सिद्ध करत नाही. माणूस म्हणजे पेशी नव्हे. समता हे मूल्य आहे, ते संघर्षातून आणि संविधानातून येते. आमचे म्हणणे एवढेच की विषमतेसाठी शरीराची खोटी साक्ष काढू नका.

आता रेमाकचे काय झाले ते पाहा. प्रशियात ज्यूंना विद्यापीठात शिकवण्याची बंदी होती. धर्म बदलला असता तर वाट मोकळी होती, रेमाकने तो बदलला नाही. थेट राजाकडे अर्ज केल्यावर १८४७ मध्ये शिकवण्याची परवानगी मिळाली. पूर्ण प्राध्यापकपद मात्र १८६५ मध्ये मरेपर्यंत मिळाले नाही.

१८५५ मध्ये रुडॉल्फ फिर्शोने 'प्रत्येक पेशी पेशीतून' हे सूत्र रेमाकचे श्रेय न देता छापले. पुढच्याच वर्षी तो बर्लिनमध्ये प्राध्यापक झाला. फिर्शो प्रतिगामी नव्हता. १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीवर त्याने लोकशाही आणि शिक्षण हा उपाय सुचवला होता. गरिबांच्या बाजूने लिहिणारा माणूसही शेजारच्या बहिष्कृताचे श्रेय गिळू शकतो, हे आपल्याला नवीन नाही. शाळेत सूत्राबरोबर फिर्शोचे नाव येते, रेमाकचे क्वचितच.

रेमाकचा नातू, त्याच नावाचा गणितज्ञ, १९४२ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत मारला गेला. आजोबाने जिवंत शरीरातला जन्मभेद खोडला, नातवाला जन्मभेदानेच मारले. विज्ञान पुढे गेले म्हणून समाज आपोआप पुढे जात नाही. त्याला पुढे न्यावे लागते.

मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी 'समाज हे शरीर आहे' म्हणाले, तर चिडू नका. त्याला रेमाकची गोष्ट सांगा. आणि विहारातल्या अभ्यासवर्गात मुलांना पेशी शिकवाल, तेव्हा हे नाव फळ्यावर लिहा.

जय भीम!