शौर्याचं पासबुक

थाप मारणं हा गुन्हा ठरवला, तर या देशात तुरुंगाबाहेर उरणारी मंडळी एका रिक्षात मावतील. स्थळ सांगून आलं की मुलाचा पगार वाढतो, नोकरी सुटली की साहेबाशी झालेलं भांडण वाढतं, आणि वय झालं की तरुणपणी तालमीत काढलेल्या जोरांची संख्या वाढते. यावर कुणी फिर्याद करत नाही. पण एक थाप अशी आहे, की ती उघडकीला आली की माणसं हसण्याऐवजी चिडतात. ती म्हणजे, ‘मी लढाईवर होतो.’

ही थाप गुन्हा धरावी की नाही, यावर मोठमोठ्या न्यायाधीशांनी डोकं शिणवलं आहे. मी पडलो बी. कॉम., बँकेतला कारकून. पण सह्या ताडून बघण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला या विषयावर थोडं बोलायला हरकत नसावी.

याबाबतीत आपला अनुभव चांगला जुना आहे. अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं ते साल १७७६, आणि आमच्याकडे तोतयाने बंड केलं तेही साल १७७६!

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. ‘पडले’ हे आपण आज म्हणतो. त्या वेळी पुण्यातल्या पुष्कळांना ते पटलेलं नव्हतं, आणि जिथे मन मानत नाही तिथे तोतयाला जागा होते. काही वर्षांनी बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच तो भाऊ’ म्हणत उभा राहिला. थोरल्या माधवरावांनी रीतसर चौकशी केली. भाऊंना ओळखणाऱ्यांनी त्याला पारखलं, सही काही जुळेना, आणि स्वारीची रवानगी कैदेत झाली. मान मात्र शाबूत राहिली.

पुढे माधवराव गेले, पुण्यात कारभाराचा गोंधळ उडाला आणि १७७६ साली रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच कैद्याला मोकळं केलं. (तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यावर नजर ठेवावी, हे आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात.) बघता बघता हजारो माणसं तोतयाभोवती जमली, कोकणातले किल्ले हाती आले. शेवटी महादजी शिंद्यांनी बंड मोडलं, आंग्र्यांनी तोतया पकडला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला.

माणूस तोच, थापही तीच. शिक्षा मात्र दोन. पहिल्या वेळी सही खोटी होती. दुसऱ्या वेळी त्या खोट्या सहीवर त्याने किल्ले काढले होते!

हा फरक कायद्यात उतरवायला अमेरिकेला बरेच हेलपाटे घालावे लागले. तिथे २००५ च्या नावाने ओळखला जाणारा एक कायदा २००६ च्या डिसेंबरात अमलात आला. लष्करी पदक मिळाल्याचं खोटं सांगणं हाच गुन्हा. सर्वोच्च पदकाची थाप असेल तर एक वर्षापर्यंत कैद. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा मंडळावर निवडून आलेले झेवियर अल्वारेझ सभेत उठले आणि आपली ओळख करून देऊ लागले. पंचवीस वर्षं नौसैनिक दलात होतो, वेळोवेळी जखमी झालो, सर्वोच्च शौर्यपदक मिळालं! यातलं काहीही खरं नव्हतं. याआधी त्यांनी एका नामांकित हॉकी संघातून खेळल्याचंही सांगून ठेवलं होतं. मंडळ पाण्याचं असल्यामुळे नळ सोडला तो सोडलाच.

खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ जून २०१२ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी कायदाच रद्द झाला. न्यायमूर्ती केनेडी यांचा आक्षेप असा, की हा कायदा घरात कुजबुजलेल्या थापेलाही लागू पडेल. म्हणजे स्वयंपाकघरात बायकोपुढे मारलेली फुशारकीसुद्धा दखलपात्र! कुठला नवरा सुटेल? थापेला उतारा खऱ्या माहितीचा, पदकविजेत्यांची यादी सर्वांना बघता येईल अशी ठेवा, असं त्यांचं म्हणणं. २०१३ मध्ये नवा कायदा आला: थाप मारून पैसा, मालमत्ता किंवा तसाच काही लाभ उपटायचा इरादा असेल तरच गुन्हा. पुण्याच्या हिशेबाशी ताळमेळ जमला म्हणायचा.

आपल्याकडे शिपायाचा वेष किंवा चिन्ह वापरून लोकांना फसवायला जाणं हा १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. या कलमाला कपडे दिसतात, तोंड दिसत नाही. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. पाचशे रुपयांचा हा दंड २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत दोन हजार झाला. दीडशेहून जास्त वर्षांची ही वाढ चक्रवाढीने दरसाल एक टक्कासुद्धा पडत नाही. असली ठेव कुणी ठेवणार नाही.

माझं मत विचाराल तर, नुसत्या थापेसाठी तुरुंग नको. तिच्यावर काही काढलं असेल तर अवश्य हवा. पण विरोधात मत देणाऱ्या तीन न्यायमूर्तींचीही बाजू आहे. त्यांनी एका चरित्रकोशाचा दाखला दिला: मोठं लष्करी पदक मिळाल्याची नोंद असलेले ३३३ जण तपासले, तर त्यातल्या एक तृतीयांशांना पुरावाच सापडेना. खोट्या नोटा चलनात आल्या की लोक खरी नोटही उजेडात धरून बघतात. उद्या एखादी जवानाची बायको नवऱ्याचं पदक घेऊन आली आणि कुणी ते असं उलटसुलट करून बघितलं, तर तो अपमान कुणाच्या नावे लिहायचा?

आणि पार्वतीबाईंचं काय? भाऊंच्या या पत्नीने वैधव्य मानलंच नाही. १७८३ साली डोळे मिटेपर्यंत त्या सवाष्णच राहिल्या. तोतयाने घेतलेले किल्ले सरकारने परत मिळवले, त्यांची मोजदाद झाली. पण ‘भाऊसाहेब आले’ ही आवई शनिवारवाड्यात पोचली असेल, तेव्हा त्या बाईंच्या खात्यातून जे काही गेलं, त्याची वसुली कुठल्या कलमाखाली करायची, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.