तांबड्या कणांची साक्ष

१८७९ साली पॉल एरलिश या पंचविशीच्या जर्मन डॉक्टरने रक्ताचा पातळ थर काचेवर वाळवून त्यावर निरनिराळे कृत्रिम रंग टाकून पाहिले. काही पांढऱ्या पेशींमधले जाडसर कण इओसिन हा आम्लधर्मी तांबडा रंग अधाशासारखे शोषून घेत. त्यावरून त्या पेशींना नाव पडले इओसिनोफिल, म्हणजे इओसिनची आवड असलेल्या. (नाव रंगावरून पडले, काम कळायला पुढे फार वर्षे लागली.)

निरोगी माणसाच्या जठरात आणि आतड्यात या पेशी थोड्याफार असतातच. अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र नसतात. म्हणून १९८२ मध्ये हार्लंड विंटर आणि सहकाऱ्यांनी सुचवले, की मुलांच्या अन्ननलिकेत इओसिनोफिल दिसल्यास ती जठरातले आम्ल वर येत असल्याची खूण मानावी. सूचना वाजवी होती. पण मग खूण दिसली की निदान ठरल्यासारखेच झाले. मूल जेवत नाही, ओकते, पोट दुखते म्हणते. अस्तराचा तुकडा तपासला तर इओसिनोफिल. म्हणून आम्ल कमी करणारी औषधे. त्यांनी गुण आला नाही, तर जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवायचा!

१९९३ मध्ये स्टीफन ॲटवुड यांनी आणि १९९४ मध्ये स्वित्झर्लंडच्या आलेक्स श्ट्राउमान यांनी प्रौढांमधला हा आजार वेगळाच असल्याचे मांडले. मुलांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला प्रयोग. केली, सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी दहा मुले निवडली. आम्लावरच्या उपचारांना ती दाद देत नव्हती. काहींची शस्त्रक्रियाही झालेली होती. त्यांचा तर्क वर्गात सांगण्याजोगा आहे. प्रतिकारयंत्रणा प्रथिन ओळखते ते त्याच्या घडणीवरून. प्रथिनाचे पार अमिनो आम्लांपर्यंत तुकडे केले, तर पोषण तेवढेच मिळते, पण ओळखण्याजोगे काही उरत नाही. मुलांना काही आठवडे मुख्यतः असा द्रवाहार दिला. आठ मुलांचा त्रास थांबला, दोघांचा कमी झाला, आणि अस्तरातले इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झाले. नेहमीचे पदार्थ पुन्हा देताच त्रास परतला. हा शेवटचा भाग नसता, तर आजार आपोआप बरा झाला असेल, असे कोणीही म्हणू शकले असते.

पुढे यंत्रणेचा उलगडा होत गेला. अन्नातल्या प्रथिनाला टी-पेशी शत्रू समजतात आणि इंटरल्यूकिन-५ व १३ ही संदेशद्रव्ये सोडतात. पहिल्याने इओसिनोफिल वाढतात. दुसऱ्यामुळे अन्ननलिकेचे अस्तरच इओटॅक्सिन-३ हे द्रव्य तयार करून त्यांना बोलावून घेते. हे २००६ मध्ये सिनसिनाटीत दिसून आले. कणांमधली प्रथिने जंतांना घातक असतात, तशीच ती अस्तरालाही इजा करतात. शेंगदाणा खाऊन लगेच अंगावर गांधी उठाव्यात तसे इथे होत नाही. सारे सावकाश चालते. त्यामुळे कोणता घास बाधला हे आईला कळत नाही, आणि त्वचेवरच्या ॲलर्जीच्या चाचणीतूनही ते खात्रीने कळत नाही.

इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचे काम रोखणारे डुपिलुमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये बारा वर्षांपुढील रुग्णांसाठी, तर २०२४ मध्ये एक वर्षापुढील मुलांसाठी मान्य झाले. अन्नाचा मार्गही चालू आहे: दूध, गहू, अंडी असे पदार्थ बंद करायचे, मग एकेक परत द्यायचा आणि दुर्बीण घालून अस्तराचा तुकडा पुन्हा इओसिनने रंगवून पाहायचा.