ती महामारी आली नसती तर

इ. स. १३४७च्या ऑक्टोबरात जेनोवाची काही जहाजे सिसिलीच्या मेस्सिना बंदरास लागली आणि त्यांच्याबरोबर प्लेगही उतरला. पुढील चार-पाच वर्षांत युरोपातील निदान एक-तृतीयांश माणसे मेली. मुंबईच्या गावठाणांतील कित्येक क्रूस १८९६ नंतरच्या ज्या प्लेगात उभारले गेले, त्याचा आणि याचा जंतू एकच.

ही साथ आली नसती तर? शेतीपुरते उत्तर सोपे आहे. जमिनीला पेलवतील त्याहून अधिक तोंडे झाली होती, हे १३१५ ते १३१७च्या दुष्काळाने दाखविलेच होते. साथीनंतर मजूर मिळेनासे झाले, मजुरी चढली. ती रोखण्यासाठी इंग्लंडने १३५१ मध्ये कायदा केला, पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. साथ नसती तर पश्चिम युरोपातील भूदासांची वेठ आणखी काही पिढ्या टिकली असती, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्तसभेविषयी इतके सरळ बोलता येत नाही. मरणाऱ्यांच्या उशाशी गेलेले अनेक धर्मगुरू त्यांच्यामागोमाग गेले. बाथ व वेल्सचे बिशप राल्फ यांनी जानेवारी १३४९ मध्ये कळविले की, धर्मगुरू न मिळाल्यास मरणाऱ्याने कोणाही प्रापंचिकाजवळ, पुरुष नसेल तर स्त्रीजवळही, पापनिवेदन करावे. रिकाम्या जागी पुष्कळदा अपुऱ्या शिक्षणाची माणसे घाईने नेमली गेली. यावरून काहीजण १५१७ मधील ल्यूथरचे बंडही प्लेगच्या माथी मारतात. आम्हांस ते पटत नाही. पोपमहोदय १३०९ पासूनच रोम सोडून आविन्यो येथे राहत होते. कुरबुर साथीहून जुनी होती.

यहुद्यांची गोष्ट मात्र आपण टाळू नये. त्यांनी विहिरींत विष कालवले, असा आळ आला. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे शेकडो यहुदी जाळले गेले. तोवर त्या शहरात साथ पोहोचलीही नव्हती! यहुदीही याच रोगाने मरत आहेत आणि जेथे यहुदी नाहीत तेथेही तो आहे, असे पोप सहावे क्लेमेंट यांनी १३४८ मध्येच आज्ञापत्र काढून बजावले होते. आविन्योत यहुद्यांना संरक्षण मिळाले. ऱ्हाईनकाठी ते पत्र कोणी मानले नाही. जाळणारे बाप्तिस्मा घेतलेले होते. साथ नसती तर द्वेषही नसता, असे नव्हे. पहिल्या क्रूसयुद्धाच्या वेळी, १०९६ मध्ये, त्याच काठावर कत्तल झाली होती. परंतु इतक्या वस्त्या एकाच वेळी उद्ध्वस्त झाल्या नसत्या, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पोलंडची वाट धरावी लागली नसती.